पीटीचा तास कुणी घेतला?

मागच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी सात वाजता मी गुंजवण्यात एका घराच्या ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. समोर राजगड. आम्ही बारा बायका होतो. अकरा जणी एका बॅचच्या आणि बारावी मी. सात-आठ जणी बुरख्यात, पण बूट सगळ्यांच्याच पायात. पुण्याहून नसरापूर, मार्गासनी, साखर असं करत छोट्या बसनं आलो होतो. गावात ट्रेकर पोरांची गर्दी होती. त्यांनी आमच्याकडे दोन क्षण पाहिलं आणि परत पोहे खायला लागले. मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही.

माझं वय सेहेचाळीस. पावसाळ्यात रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.३ आला. डॉक्टर म्हणाले, ६.५ पासून पुढे मधुमेह म्हणतात, तुम्ही उंबऱ्यावर आहात, चालायला लागा. माझी अम्मी याच उंबऱ्यावरून आत गेली आणि शेवटची चार वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होती. त्यामुळे मला 'उंबरा' या शब्दाची भीती वाटली, आणि त्या भीतीपोटी मी जिला फोन केला ती माझी जुनी विद्यार्थिनी. ती आता पुण्यातल्या एका जिममध्ये ट्रेनर आहे. सकाळी अकरा ते एक, पुरुष कामावर गेल्यानंतरची रिकामी वेळ, ती बायकांची बॅच घेते. तिचं नाव मी लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय.

चढायला सुरुवात करताना ती म्हणाली, "टीचर, आज वर पोचायचंच असं नाही. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं." माझं बोलणं पहिल्या पंधरा मिनिटांत तुटलं. ती थांबली. मग पुन्हा चाललो. ती माझ्याशी मराठीतच बोलते. घरी उर्दू, जिममध्ये हिंदी, पण मराठीच्या टीचरशी मराठीच बोलायचं, ही तिची शाळेपासूनची सवय.

झाडीतून बाहेर आल्यावर एका दगडावर बसलो तेव्हा मी सहज विचारलं, तुला हे व्यायामाचं वेड कुठून लागलं गं? ती हसून म्हणाली, "तुमच्या तासामुळं. गुरुवारी पाचवा तास पीटीचा असायचा. मुलं मैदानात जायची आणि आम्हाला तुम्ही वर्गात बसवून समास सोडवायला द्यायच्या. मी खिडकीत बसायचे. समास कमी, कबड्डी जास्त बघायचे."

तिनं ते अजिबात टोचून सांगितलं नव्हतं, उलट लाडानं सांगितलं. पण त्यानंतर मी बराच वेळ काही बोलले नाही, आणि ते दम लागल्यामुळे नव्हतं.

तो तास मी खरंच घेत होते. उर्दू माध्यमाच्या मुलींचं मराठी कच्चं असतं, दहावीच्या बोर्डात त्याच पेपरात गुण जातात, म्हणून जादा तास हवा. आठवीनंतर मुली मैदानात धावलेल्या पालकांना आवडत नव्हतं, कारण मैदान रस्त्याला लागून. खेळाच्या सरांनाही तेवढ्याच मुलांना सांभाळणं सोपं जायचं. म्हणजे सगळेच खूश. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, कुठलाही फतवा निघाला नाही, कुणी वाईट हेतूनं काही केलं नाही. वर्षाला धरा पस्तीस तास. आठवी ते दहावी तीन वर्षांत एका मुलीचे शंभराहून अधिक. आणि मी अठरा वर्षं शिकवते आहे. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे. आमच्या शाळेला मैदान आहेच. ते अर्ध्या शाळेनं वापरलं.

आता याच मुली पस्तीस-चाळीसच्या होतात आणि आपण त्यांना म्हणतो, इच्छाशक्ती नाही, आळशी आहेत, नुसती बिर्याणी खातात. 'मोटिव्हेशन' हा शब्द आता मोहल्ल्यातही आलाय. पहाटे चारला उठणाऱ्या पैलवानांचे व्हिडिओ बायका एकमेकींना पाठवतात आणि दोन दिवसांनी जास्तच उदास होतात. माझ्या विद्यार्थिनीला या शब्दाचा राग आहे. ती म्हणते, "जोश दुसऱ्या आठवड्यात संपतो. माझाही संपतो. म्हणून मी जोशावर काही ठेवतच नाही." तिची पद्धत साधी आहे. दोन दोन बायकांची जोडी लावते, दोघींनी एकाच रिक्षानं यायचं. एकीनं दांडी मारली तर दुसरीला पूर्ण भाडं पडतं. एक दिवस चुकला तर माफ, सलग दोन चुकले तर ती घरी जाते, चहा पिते आणि काही बोलत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा एक अभ्यास २००९-१० मध्ये छापून आला होता. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त, अडीचशेच्या घरात. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मला हे रिक्षाच्या भाड्यावरून कळलं."

चोर दरवाजाच्या खालच्या कातळाला, जिथं रेलिंग सुरू होतं, तिथं मी हार मानली. माझ्यासोबत आणखी दोघी थांबल्या, बाकीच्या वर गेल्या. ट्रेनर त्यांना वर सोडून, पद्मावती तळ्यापाशी बसवून, परत आमच्याकडे उतरून आली. मी तिच्या गुडघ्यांकडे पाहतच राहिले.

आम्ही बसलो होतो तिथं गावातली एक मावशी ताक आणि लिंबू सरबत विकत होती. पन्नाशीची असेल. ताकाचा कॅन डोक्यावर घेऊन ती शनिवार-रविवार हा चढ चढते, आणि आम्ही जिथं तीनदा थांबलो तिथं ती एकदाही थांबत नाही. आमच्यातली एक कौतुकानं म्हणाली, मावशी, तुम्हाला जिमची काय गरज! मलाही तेच वाटत होतं. आपण शहरातले लोक हे वाक्य फार सहज बोलतो, की गावाकडं बघा, कष्ट करतात, तब्येती कशा ठणठणीत. मावशी म्हणाली, "ठणठणीत कुठलं ताई, रात्री गुडघं झोपू देत न्हाईत. उतरताना तर देवच आठवतो." मग तिनं ट्रेनरला विचारलं, तुम्ही याच्यातलं शिकलाय तर सांगा काही.

ट्रेनरनं आधी विचारलं, जेवता काय? सकाळी चहा, बटर. वरून उतरल्यावर दुपारी तीनला भात आणि जे उरलं असेल ते. दूध? ते विकायला. अंडी? पोरांना. मग तिनं मावशीला पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली ओढणीची गुंडाळी ठेवली आणि ती दाबून धरायला सांगितलं, मनात पाच मोजेपर्यंत, मग सोडायचं. असं दहादा, दिवसातून दोन वेळा. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. सूज आली तर मात्र दवाखान्यात दाखवायचं, अंगावर काढायचं नाही. आणि पोरांच्या अंड्यातलं एक स्वतःला.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "कष्ट म्हणजे व्यायाम नाही, टीचर. व्यायामात थांबायचं कधी ते आपण ठरवतो, आणि नंतर अंगाला खायला आणि झोपायला मिळतं. तिला यातलं काहीच मिळत नाही." घरी येऊन मी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. आणि २०२४ साली लॅन्सेटच्या नियतकालिकात आलेल्या आकड्यांनुसार ५७ टक्के भारतीय स्त्रिया पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हाच आकडा ४२. दोन्हीकडे सत्तावन्न हा योगायोग. पण एकीला बसून त्रास, दुसरीला राबून त्रास, आणि दोघींच्या ताटात सगळ्यात शेवटी उरलेलं, हा योगायोग वाटत नाही.

खाण्याबद्दल तिचं म्हणणं ऐकून बॅचमधल्या बायकांना आधी निराशा होते, कारण ती काहीच बंद करायला सांगत नाही. बिर्याणी आठवड्यातून एकदा असते, ती काय बिघडवणार? बिघडवतो तो चहा. माझा हिशेब तिनं काढला. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आणि सोबतची खारी, नानकटाई मी हिशेबातच धरली नव्हती. आता तीन कप, एक चमचा. पहिले दहा दिवस डोकं दुखलं, हे खोटं कशाला बोलू.

प्रथिनांसाठी डबा आणायचा का, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. जिमचे मालक डबेही विकतात, तरी ती नको म्हणते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असंच म्हटलंय, आणि वजन उतरवायचं तर आठवड्याला साधारण अर्धा किलो सुरक्षित मानलाय. मग खायचं काय? अंडं, एकात सहा-एक ग्रॅम प्रथिनं. मुठभर भाजलेले चणे. मुगाची, मटकीची उसळ. हुलग्याचं कळण किंवा पिठलं. सुका बोंबील, जो आमच्या घरात असतोच, फक्त तोंडी लावायला म्हणून नाही तर ताटातला मुख्य पदार्थ म्हणून. नाचणीची भाकरी, जी आम्ही उतरल्यावर गुंजवण्यातच पिठलं-ठेच्याबरोबर खाल्ली आणि जी पुण्यात 'मिलेट' म्हणून तिप्पट भावानं मिळते.

रमजानचं वेगळं सांगायला हवं. महिनाभर रोजे करूनही आमच्याकडे बहुतेकींचं वजन वाढतं, आणि याची चर्चा कुणी करत नाही. दिवसभर उपाशी, मग इफ्तारला भजी, समोसे, सरबत, आणि सहेरी झोपेत. तीही त्या महिन्यात वजन कमी करायच्या भानगडीत पडत नाही. आहे ते टिकवायचं, एवढंच. खजूर आणि पाणी, मग नमाज, मग जेवण, आणि तळलेलं रोज नाही. इफ्तारनंतर तासाभरानं वीस मिनिटं घरातल्या घरात चालणं. मधुमेहाच्या बायकांना ती एक महिना आधीच डॉक्टरकडे पाठवते, गोळ्यांच्या वेळा बदलून घ्यायला. पोटाचा एक भाग रिकामा ठेवायची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती अमलात आणायचा महिना नेमका भज्यांचा झालाय.

मी तिला निखत जरीनबद्दल विचारलं. निजामाबादची, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारची, २०२२ आणि २०२३ अशी दोनदा बॉक्सिंगची जागतिक विजेती. तुझ्या बॅचमधल्या मुलींना तिचं उदाहरण देतेस का? म्हणाली, "मुलींना नाही देत. त्यांच्या वडिलांना देते. निखत सगळ्यांना होता येत नाही. पोरीला हाताला धरून मैदानावर नेणं तिच्या अब्बांसारखं कुणालाही जमेल."

म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या बायकांना जोशाची भाषणं पुरे झाली. त्यांना एक तास आणि एक जागा द्या. शाळांची मैदानं सकाळी सात वाजता रिकामी असतात. शादीखाने आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असतात. भिंत हवी तर भिंत आहे, पडदा हवा तर पडदा लावू. मला हा मुद्दा धर्माचा वाटत नाही. तो किल्ली कुणाकडे आहे याचा आहे, आणि अठरा वर्षं एक किल्ली माझ्याकडे होती.

जानेवारीपासून गुरुवारचा पाचवा तास मी घेत नाही. पहिल्या गुरुवारी नववीच्या सव्वीसपैकी नऊ मुली मैदानात उतरल्या, बाकीच्या कट्ट्यावर ओढण्या सावरत बसून राहिल्या. एका आईचा फोन आला, की रस्त्यावरून दिसतं. मी म्हटलं, तुम्हीच या ना, बसा गेटपाशी. त्या आल्या. आता दर गुरुवारी येतात. मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला हिरवी जाळी लावायचा खर्च पालक सभेत मंजूर झालाय, पण सकाळी सात ते आठ आयांसाठी फाटक उघडायचा माझा अर्ज अजून कार्यालयात पडून आहे. मागच्या गुरुवारी मुली चौदा होत्या. माझा मराठीचा अभ्यासक्रम दोन धडे मागे आहे.