ताईची टपालपेटी : खरा मॉनिटर कोण?



या आठवड्यात सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीहून एक जाडजूड पाकीट आलं. आत वहीची चार पानं, आणि चारही पानांवर भांडण! सातवीच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक झाली. मुलं ४३, उमेदवार तीन. मतं पडली १८, १४ आणि ११. अठरावाला म्हणतो, "मी पहिला, मीच मॉनिटर." चौदा आणि अकरावाले एक झाले नि म्हणू लागले, "आम्ही पंचवीस, मॉनिटर आमचाच." आता मधल्या सुट्टीत डबेसुद्धा वेगवेगळे खाल्ले जातात. कबड्डीचा संघ मोडला. शेवटी प्रश्न आहे, "ताई, खरा मॉनिटर कोण?"

गंमत सांगू? १९९६ साली हाच प्रश्न अख्ख्या देशाला पडला होता. तेव्हाची गोष्ट घरातल्या मोठ्यांना आठवत असेल, विचारून पाहा.

लोकसभेच्या जागा ५४३. सरकार टिकवायचं तर निम्म्याहून जास्त, म्हणजे २७२ खासदार पाठीशी हवेत. भारतीय जनता पक्षाला मिळाल्या १६१ जागा, काँग्रेसला १४०. राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते अटलबिहारी वाजपेयी यांना बोलावलं. १६ मे रोजी शपथविधी झाला. पण बहुमत काही जमेना. २८ मे रोजी, मतदान होण्याआधीच, वाजपेयींनी राजीनामा दिला. मग पंतप्रधान झाले एच. डी. देवेगौडा. त्यांच्या जनता दलाचे खासदार होते फक्त ४६! पण बरेच पक्ष एकत्र आले होते आणि काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला होता. १९९७ मध्ये तो पाठिंबा काढला गेला नि हेही सरकार पडलं.

१९९८ मध्ये वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले. वर्षभराने अण्णाद्रमुकने त्यांचा पाठिंबा काढून घेतला. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत मतदान झालं. सरकारच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने सरकार गेलं! विरोधकांनाही २७२ चा आकडा गाठता आला नाही. मग लोकसभा विसर्जित झाली आणि त्याच वर्षी लोकांना पुन्हा मतदानाच्या रांगेत उभं राहावं लागलं.

तेव्हा तामलवाडीकरांनो, नुसता पहिला आला म्हणून कुणी मॉनिटर होत नाही आणि "आम्ही पंचवीस" असं ओरडूनही होत नाही. ते पंचवीस खरंच एकत्र आहेत का, हे सगळ्यांसमोर मोजावं लागतं. गुरुजींना सांगा, हात वर करून पुन्हा मोजणी घ्या. बावीस हात ज्याच्या बाजूने, तो मॉनिटर. मात्र अकरावाल्यांनी हात वर करण्याआधी नीट विचार करावा. आज दिलेला शब्द उद्या मोडला, तर वर्गाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आणि हरणाऱ्याचं काय? वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, तरी निकाल त्यांनी मानला आणि त्याच दिवशी राष्ट्रपतींकडे राजीनामा दिला. सहा महिन्यांनी लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं.

मोजणी झाली की डबे एकत्र उघडा. कबड्डीला सात जण लागतात, आणि तिथे कुणाला किती मतं पडली हे कुणी विचारत नाही!

निकाल कळवाल ना? वाट पाहते.

तुमची,
ताई