पॉपियाला देवी केले तेव्हा

दिवाळीत एक दिवा आपण दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी लावतो. तेव्हा मृतांवरच्या एका कवितेविषयी अंकाच्या पहिल्याच पानावर लिहिले, तर ते अवेळी वाटू नये. कविता ग्रीक आहे, कवीचे नाव कुणाला ठाऊक नाही. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांनी जे हजारो पपायरस जपून ठेवले, त्यांतला हा एक तुकडा २०११ साली प्रसिद्ध झाला. विषय आहे रोमन सम्राट नीरोची पत्नी पॉपिया सबिना हिचे स्वर्गारोहण. ॲफ्रोडाइटी तिला न्यायला येते, पण पॉपियाला देवपदाचा आनंद होत नाही. देवतुल्य नवरा मागे राहतो आहे म्हणून ती विव्हळते, आणि वर आकाशात पोचल्यावरही तिची नजर त्यालाच शोधत राहते.

ही पॉपिया इ.स. ६५ मध्ये गरोदरपणी वारली. नीरोने रागाच्या भरात तिला लाथ मारली, असे टॅसिटस आणि सुटोनियस हे रोमन इतिहासकार दोघेही लिहितात. मग रोमच्या रिवाजाप्रमाणे तिचे दहन न करता देह सुगंधी द्रव्ये भरून ऑगस्टसच्या समाधीत ठेवला गेला आणि नीरोने स्वतः व्यासपीठावर उभे राहून तिच्या रूपाचे गोडवे गायले. त्यांची मुलगी क्लॉडिया इ.स. ६३ मध्ये जन्मली आणि चार महिनेही जगली नाही. त्या तान्ह्या जिवाला तेव्हाच देवी ठरवले होते. आता आईची पाळी आली.

अशा कवितांना ‘खुशामत’ म्हणून आपण मोकळे होतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. जिवंत राजाची स्तुती हा दोघांमधला व्यवहार असतो. तू कोणता देव होणार, असे व्हर्जिलने शेतीवरच्या काव्याच्या आरंभी ऑक्टेव्हियनला, म्हणजे पुढच्या ऑगस्टसला, विचारले, तेव्हा ऐकणारा जिवंत होता. ते देवपण घ्यायचे की नाकारायचे हे त्याच्या हाती होते. मेलेल्या बाईला देवी करताना कवी तिच्या डोळ्यांत आसवे घालतो, आणि ती कुणासाठी गाळायची हे राजवाड्याची सोय ठरवते. तिला हो-नाही म्हणायची जागाच उरत नाही. या काव्याचा खरा अपराध मला इथे दिसतो. पंचवीसएक वर्षांनी हेच पुन्हा घडले. सम्राट डोमिशियनची पुतणी ज्युलिया वारली. काकानेच तिला गर्भपात करायला लावला आणि त्यात तिचा जीव गेला, असे सुटोनियस सांगतो. डोमिशियनने तिला देवी केले, आणि कवी मार्शलने आपल्या सहाव्या पुस्तकात तिला काम दिले ते असे : डोमिशियनला होऊ घातलेल्या मुलासाठी आयुष्याचे सोनेरी सूत कातायचे. जिचा गर्भ गेला असे लोक बोलत होते, तिच्याच हाती चाती!

यावर कुणी म्हणेल, लाथेची कथा नीरोच्या वैऱ्यांनी रचली असेल. असेलही, नीरोचे तिच्यावर प्रेम होते, त्याला मूल हवे होते, हे खुद्द टॅसिटसच नोंदवतो. ती कथा बाजूला ठेवली तरी पॉपियाच्या वाट्याला आलेले देवपण नवऱ्यासाठी झुरण्यापुरतेच आहे, हे कवितेतच दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. दुःखी माणसाला गेलेले माणूस ताऱ्यांत आहे असे वाटावे, यात वाईट काय? काहीच नाही. विलापिका त्यासाठीच असतात. पण हा दिलासा सक्तीचा नसावा लागतो, आणि रोममध्ये तो सक्तीचा होता. शिवाय ऑक्सिरिंकसची प्रत तिसऱ्या शतकातली आहे. नीरोला जाऊन तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती, त्याच्या भीतीने लिहिणारे कुणी उरले नव्हते. तरीही कुणीतरी ती बसून उतरवून घेतली. भीती सरली तरी कविता तिची साक्ष देतच राहते. म्हणून अशा ओळी सुंदर असल्या की मला जास्त काळजी वाटते.

त्या काळी सगळेच असे वागत होते, हेही खरे नाही. थ्रासिया पेटस हा सिनेटर पॉपियाच्या अंत्यविधीला गेला नाही. इ.स. ६६ मध्ये त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांत, पॉपिया देवी आहे यावर याचा विश्वास नाही, हाही एक होता. सिनेटने त्याला मृत्युदंड दिला आणि त्याने आपल्या शिरा कापून घेतल्या. त्याने सीझरपुढे न झुकलेल्या केटोचे चरित्र लिहिले होते. ते हरवले; पॉपियावरची कविता उरली.