आरसी आहे, पण गाडीची नव्हे: प्रतापगडच्या तिबेटी वसाहतीचा पत्ता

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणजे ही वसाहत जिल्ह्यापेक्षा जुनी. पावसाळ्यात धान, हिवाळ्यात शहरात जाऊन स्वेटर विकायचे. या धंद्याला गाडी लागते, गाडीला लायसन्स, आणि लायसन्सला पत्त्याचा पुरावा. गाडं अडतं ते इथेच.

सातबारा नाही, कारण जमीन कुणा एकाच्या नावावर नाही. बहुतेकांचं नाव मतदार यादीत नाही, भारतीय पासपोर्टही नाही. हातात असते ती परदेशी नागरिक म्हणून केलेल्या नोंदणीची आरसी. आरटीओत आरसी म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन. माणसाचीही आरसी असते, हे आधी समजावून सांगावं लागतं. खरं तर परदेशी नागरिकांची नोंदणी जिल्हा पोलिसांकडे असते. इथे जन्मलेल्या आपल्यापैकी किती जणांचा पत्ता पोलीस दप्तरात इतका चोख नोंदलेला असेल?

कायदा एवढा आडमुठा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ लायसन्ससाठी नागरिकत्वाची अट घालत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम ४ मध्ये वय आणि पत्त्याच्या पुराव्यांची यादी आहे. त्यातलं काहीच देता येत नसेल आणि कारण पुरेसं असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र परवाना अधिकारी स्वीकारू शकतो. आधारही नागरिकत्वाचा नव्हे, रहिवासाचा कागद आहे. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला माणूस त्यासाठी पात्र ठरतो. शिवाय केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात या लोकांना कोणताही व्यवसाय करू द्यावा आणि त्यासाठी लागणारे परवाने द्यावेत, असं राज्यांना सांगितलं आहे.

मग अडचण उरते ती सवयीची. ‘हा कागद चालत नाही’ हे वाक्य तोंडी येतं आणि तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरलेल्या आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नियम ४ चा उल्लेख करा आणि नकार लेखी मागा. सेवा अधिसूचित असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं. प्रतापगडच्या पोरांना सोबत घेऊन एवढं काम आपल्या तालुक्यातले कार्यकर्ते सहज करू शकतात.

‘मग नागरिकत्वच का घेत नाहीत?’ असंही विचारलं जातं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले जन्मानेच नागरिक आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नामग्याल डोल्कर प्रकरणात तिबेटींबाबत तेच मान्य केलं. पण २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट मागणाऱ्या तिबेटींना अट घातली: आरसी रद्द करा आणि निर्वासित वसाहतीत राहू नका. म्हणजे पासपोर्टवर पत्ता लिहून घ्यायचा, तर आधी आई-बाप राहतात तो पत्ता सोडायचा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे गेले; वसाहतीतली घरं मात्र तिथेच आहेत.