कडुनिंब आणि आईचे गुलाब



मूलच्या आमच्या घरामागे आईने लावलेली गुलाबाची अकरा झुडपे होती. बहुतेक देशी, दोन-तीन कलमी. हिवाळ्यात रोज टोपलीभर फुले निघत. गल्लीत लग्न असो की मयत, फुले आमच्याच घरून जायची. आईने कधी पैसे घेतले नाहीत. पण तीन-चार वर्षांपासून फुले कमी होत गेली. मागच्या डिसेंबरात शेजारची म्हातारी वारली, तेव्हा ओंजळभरही निघाली नाहीत. आई दिवसभर गप्प होती.

शेणखत घालून झाले, औषध मारून झाले. तरी फांद्या उंच, लेच्यापेच्या आणि पानांवर काळे ठिपके. दोष खताचा नव्हता. मुलाने शाळेतून आणून लावलेला कडुनिंब आता घराच्या वर गेला होता.

मी पडलो हिशेबाचा माणूस. त्याच महिन्यात एका रविवारी दर तासाला सावलीच्या कडेने चुन्याची रेघ मारली. वाफ्याला जेमतेम दोन तास ऊन मिळत होते. गुलाबाला निदान सहा तास लागते. कडुनिंब वाफ्याच्या दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे भर दुपारीही सावली जवळजवळ झाडाएवढी लांब, उत्तरेकडे पडते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा दुपारची सावली बुडाशी गोळा होते. म्हणजे ऊन हवे तेव्हा सावली, आणि सावली हवी तेव्हा ऊन! शिवाय झाडाची मुळे वाफ्यातले पाणी-खत ओढतात. सावलीत पाने उशिरा वाळतात, म्हणून ठिपके वाढतात. आपल्या जंगलात तरी काय, दाट सावलीत सागाचे रोपही वाढत नाही.

मी म्हटले, "झाड तोडू." आई म्हणाली, "कायले तोडतेस रे बाबू? उन्हाळ्यात खाट कुठी टाकशीन?" शिवाय शहर हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. मग नगर परिषदेत विचारून फक्त खालच्या फांद्या छाटल्या. पावसाळ्यात देशी गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या पूर्वेच्या अंगणात लावल्या. तिथे सकाळचे ऊन येते. बाराला सात जगल्या. जुन्या वाफ्यात हळद आणि अळू लावले. त्यांना थोडी सावली चालते.

झाड जरूर लावा, पण दहा वर्षांनी त्याची सावली कुठे पडेल ते आधी पाहा. फुलझाडांच्या उत्तरेला लावाल तर हिवाळ्यातले ऊन अडणार नाही. पश्चिमेला थोडे लांब लावाल तर उन्हाळ्यात दुपारनंतरची झळ अडेल. कलमी गुलाबाला डोळ्याच्या खालून रानटी फुटवा आला, तर तो लगेच काढा. नाहीतर तोच सगळे झुडूप खाऊन टाकतो.

मागच्या आठवड्यात नव्या झुडपांना पहिली पाच फुले आली. शेजारच्या म्हातारीचे वर्षाचे पुण्यस्मरण होते. आईने पाचही तोडली आणि पदरात घेऊन तिकडे गेली.