सेल्फ मारण्याआधी

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ कोसळले. धाराशिव जिल्ह्यात नद्या-ओढे पात्र सोडून शेतात आणि वस्त्यांत शिरले. आमचे कळंब मांजरेच्या काठचे. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल उपसता उपसता लोकांचे लक्ष दारातल्या गाड्यांकडे गेले. आमच्या शेजाऱ्यांची मोटार रात्रभर बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. सकाळी चार माणसे जमली आणि चौघांचा सल्ला एकच पडला, "सेल्फ मारून तर बघा!"

शेजाऱ्यांनी चावी हातात घेतलीही होती. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री आले. उभा जन्म जीप आणि ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. त्यांनी चावी काढून घेतली आणि म्हणाले, "मालक, आधी प्लग काढा अन् हातानं फिरवून बघा. सेल्फ आंधळा असतोय."

प्लग काढले. क्रँकच्या पुलीवरच्या नटाला पाना लावला. शेजाऱ्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तो सावकाश फिरवला, तशी एका भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. ऑइल उतरवले तर ते दुधाळ चहासारखे झालेले. दोन दिवसांच्या साफसफाईनंतर गाडी सुरू झाली. त्याच गल्लीत दुसऱ्या एका गाडीला मात्र आधीच सेल्फ मारून झाला होता. आतून एकच 'ठक्' असा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी थांबले. कनेक्टिंग रॉड वाकला होता. दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक पायरीवर बसूनच राहिले.

असे का होते? इंजिनात पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फच्या मोटारीने पिस्टन रेटला, की सुटायला वाट नसते आणि रॉड वाकतो. हाताला मात्र अडथळा लगेच कळतो आणि हात थांबतो.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे शिकवावे लागले नव्हते. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला हँडल मारताना वरचा लिव्हर दाबून धरायचा, चाकाला गती आली की सोडायचा, हे खेड्यातल्या पोराला मिसरूड फुटण्याआधी ठाऊक असे. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची यंत्रे अशीच हाताने जागी होत. जीप, अँबॅसडर, फियाट या गाड्यांनाही हँडल असे. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे समोरून हँडल घालायला जागाच उरली नाही. हळूहळू हँडल गेले, आणि त्याबरोबर इंजिनाला हात लावण्याची सवयही गेली.

गेलेल्या हँडलसाठी मी गळा काढणार नाही. ते उलटे बसले की मनगट मोडत असे. अंगठ्याच्या बाजूचे मनगटाजवळचे हाड मोडण्याला डॉक्टरांच्या पुस्तकात आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते यावरूनच. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला, तेव्हा हा धोका टळला. स्त्रिया आणि वयस्कर माणसे कोणाची मदत न घेता गाडी सुरू करू लागली. हे उपकार मोठेच आहेत. पण गाडी रोज सुरू करणे वेगळे आणि दुरुस्तीच्या वेळी इंजिन फिरवून पाहणे वेगळे. पहिल्या कामाला सेल्फ हवा, दुसऱ्याला हातच हवा.

पूर ही तर क्वचितची गोष्ट. वर्षभर उभी राहिलेली गाडी घ्या. प्लगच्या भोकांतून चमचा-चमचा ऑइल सोडून, काही तास थांबून, इंजिन हाताने फिरवले की आत गंज धरला आहे का ते कळते. टायमिंग बेल्ट बदलल्यावर तर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावाच लागतो. दोन फेऱ्यांत इंजिनाचे एक चक्र पुरे होते. बेल्ट एक दाता जरी चुकला असला, तरी अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. हाताला अडकल्यासारखे लागले, की तिथेच थांबून चूक सुधारता येते.

घरी हे करायचे तर पथ्य पाळायला हवे. चावी काढून ठेवावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. प्लग काढले की दाब सुटतो आणि इंजिन हलके फिरते. इंजिन चालताना ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवावे. ती दिशा माहीत नसेल तर आधी विचारावी. जोर लावावा लागला तर थांबावे, पान्याला पाइप लावू नये. डिझेल इंजिनात पाणी गेले असेल तर ते मिस्त्रीकडेच द्यावे आणि हायब्रिड गाडीच्या वाटेला घरी जाऊच नये. आणखी एक. भिजलेल्या गाडीला सेल्फ मारून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही. म्हणून आधी फोटो काढावेत, विमावाल्यांना कळवावे, मगच पुढचे.

माझे म्हणणे एवढेच, की ही माहिती मिस्त्रीच्या डोक्यात बंद राहू नये. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत गाणी कशी लावायची त्याची पानेच्या पाने असतात. इंजिन हाताने फिरवायचा नट कुठे आहे आणि दिशा कोणती, यासाठी एक पान कंपन्यांनी द्यायला काय हरकत आहे? मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्येही एक तास बॉनेट उघडून शिकवावे. मालकाने सगळी दुरुस्ती स्वतः करावी असे नाही. पण काय करू नये, एवढे तरी त्याला कळायला हवे.

शेजाऱ्यांच्या मुलीने आता त्या नटाजवळ पांढऱ्या रंगाने एक बाण काढून ठेवला आहे. पुढच्या पावसात तिचे वडील चावीकडे हात नेण्याआधी तिला हाक मारतील, अशी माझी खात्री आहे.