एका तुटक रेषेचा हक्क

महसूल दप्तरातील जुन्या गावनकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा गाडीरस्ता दोन रेषांनी दाखवलेला असतो, आणि ज्या वाटेने माणसाने आपल्या पायांच्या बळावरच जावे ती वाट एका तुटक रेषेने. दप्तरी भाषेत हिला पायमार्ग म्हणतात. तिची रुंदी सव्वाआठ फूट धरण्याचा प्रघात आहे. शंकू-साखळी घेऊन शिवाराशिवारांतून हिंडणाऱ्या त्या वेळच्या मोजणीदारांनी या रेषेला नकाशात जागा दिली, याचाच अर्थ चालणाऱ्याची वहिवाटदेखील सरकारदरबारी दाखल होण्याच्या योग्यतेची आहे असे त्यांनी मानले. पन्हाळगडाच्या राजदिंडीतून उतरून मसाई पठारावर चढणाऱ्या आणि तेथून पुढे पावनखिंडीकडे जाणाऱ्या वाटेसाठी मला अशी एक अखंड तुटक रेषा हवी आहे, आणि ती का हवी हे सांगायचे तर त्या वाटेने मी कसा गेलो तेथूनच आरंभ केला पाहिजे.

भाद्रपद सरत आला होता. पहाटे गडाच्या पायथ्याच्या बुधवार पेठेत उतरून, घाटरस्ता सोडून, मी पायवाटेने गड चढू लागलो. सभोवतालच्या सपाटीपासून पन्हाळा चारशे मीटरांहून अधिक उंच आहे हे पुस्तकात वाचले होते. पण दवाने निसरड्या झालेल्या मातीत पाऊल रोवीत, श्वास पुरवून वापरीत ती उंची मोजावी लागली तेव्हाच, शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस याच डोंगराची निवड का केली असेल, याचे उत्तर मला माझ्या शरीरात सापडले. वाहनाने येणाऱ्याला हे उत्तर मिळत नाही. त्याचा गड जकातनाक्याशी सुरू होतो. जेथे तो सुरू होतो तेथेच एके काळी चार दरवाजा उभा होता, आणि १८४४ साली गडकऱ्यांनी केलेल्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडून टाकला. याच बाजूचा रस्ता २०२१ च्या जुलै महिन्यातील अतिवृष्टीत खचून दरीत गेला आणि गडाकडे येणारा वाहनांचा राजमार्ग बंद पडला. त्या दिवसांत दूध, औषधे आणि धान्य यांची चिंता वाहणाऱ्या पन्हाळकरांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायवाटा पुन्हा आठवाव्या लागल्या. ज्या वाटेला आपण निरुपयोगी समजून झाडोऱ्याच्या स्वाधीन करतो, ती एखाद्या रात्रीच्या पावसाने एकाएकी गावाची जीवनरेखा होते, हे आपण इतक्या लवकर विसरावे याचे मला खरोखर दुःख होते.

गडावर मी रेंगाळलो नाही. अंबरखाना, सज्जाकोठी, तीन दरवाजा यांची दर्शने अनेकदा घडलेली आहेत, आणि त्या दिवशी माझे लक्ष्य राजदिंडी हे होते. शिबंदीने, तोफांनी आणि धान्याच्या कोठारांनी सज्ज असलेल्या या प्रचंड दुर्गाचा महाराष्ट्राच्या स्मृतीत सर्वांत अधिक पूजिला गेलेला भाग एक अरुंद, आडबाजूची दिंडी आहे, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने आवळत आल्यानंतर १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज येथूनच बाहेर पडले असे परंपरा सांगते. शिवा काशीद यांनी दुसऱ्या पालखीत बसून मरण पत्करले, आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड, म्हणजेच आजची पावनखिंड, अडवून धरली ती महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत. साठेक किलोमीटरांचे ते अंतर भर पावसात, चिखलात, रानातून तोडले गेले; आणि त्या पराक्रमाचे जे साधन होते, ती वाट, ती मात्र आज जागोजाग डांबराखाली किंवा कुणाच्या कुंपणाआड हरवत चालली आहे. बुरुजांची डागडुजी होते, पुतळे उभे राहतात, खिंडीत स्मारक होते. पण जिच्यावरून ती माणसे धावली त्या मातीच्या पट्ट्याचा ऐतिहासिक वास्तूंच्या कुठल्याही यादीत स्वतंत्र उल्लेख माझ्या पाहण्यात आलेला नाही.

राजदिंडीतून उतार उतरला की मिळवलेली उंची सोडावी लागते आणि पुढे मसाईसाठी ती नव्याने मिळवावी लागते. परतताना हाच हिशेब उलट्या क्रमाने फेडायचा असतो. एका दिवसात पन्हाळा दोनदा आणि मसाई एकदा चढण्याचा हा कष्टाचा भाग आहे. हिमालयाच्या किंवा आल्प्सच्या शिखरांशी या उंचीची तुलना करण्याचे कारण नाही, कारण सह्याद्रीची कठोरता बर्फात नसून उघडेपणात आहे. चढण संपवून कड्यावर पाय ठेवताच समोर जे पसरते ते सुळक्यासारखे शिखर नव्हे, तर टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे लांबत गेलेले, वृक्षरहित, जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार असते. तेथे सावली नाही, आडोसा नाही, आणि धुके उतरले तर दिशाही नाही. मी पोहोचलो तेव्हा धुके निवळत होते. जांभ्याच्या खळग्यांत साठलेल्या बोटभर पाण्याच्या काठाने सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले उभी होती, त्यांच्या पलीकडे गेंदांचे पांढरे ठिपके, उतारावर तेरडा आणि सोनकी. ओलसर खडकाला बिलगलेले दवबिंदू हे चिमुकले कीटकभक्षी रोपटे तर गुडघे टेकल्याशिवाय दिसलेच नसते. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आणि निकस असतो की नत्रासाठी अशा वनस्पतींना कीटकांवर अवलंबून राहावे लागते, आणि या दारिद्र्यातूनच हे दोन महिन्यांचे ऐश्वर्य निर्माण होते. मसाई देवीच्या देवळापाशी बसलो तेव्हा मागे पन्हाळा आणि पावनगड, त्यांच्या पलीकडे जोतिबाचा डोंगर, आणि कानांवर वाऱ्यावाचून दुसरे काही नाही. ती शांतता रिकामी नव्हती. सकाळपासून चाललेल्या प्रत्येक पावलाने ती थोडी थोडी भरत आणली होती, असेच मला वाटले.

देवळापासून काही अंतरावर म्हशी राखीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला हाक मारली आणि पहिलाच प्रश्न केला, “पावणं, गाडी कुटं लावलीसा?” मी म्हणालो, “मामा, गाडी नाही. बुधवार पेठेतनं चालत आलो.” त्यांनी मला आपादमस्तक पाहिले, शेजारच्या दगडावरची घोंगडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “बसा. आमचा थोरला बी आता गाडीबिगर वर येत न्हाई बगा. धुक्यात वाट चुकू नये म्हणून आमी दगडं लावून ठेवतो, पर गाडीवाल्यास्नी ती दिसत न्हाईत. वरनंच जात्यात.” त्यांनी काठीने दाखवले तिकडे मी पाहिले. एका रांगेत मांडलेले दगड थोड्या अंतरावर विस्कटलेले होते, आणि त्यांना छेदून चाकांचे दोन खोल चर पाणथळीतून आरपार गेले होते.

या दोन चरांविषयीच मला बोलायचे आहे. शासनाने मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिलेला आहे, आणि तो यथायोग्य आहे. परंतु ज्या भूमीची सारी समृद्धी चार बोटे मातीवर आणि वीतभर पाण्यावर उभी आहे, तेथे एका जड वाहनाचे चाक फुले चिरडून थांबत नाही; ते खळग्याची कड फोडते, साठलेले पाणी चरातून वाहून जाते, पाण्याबरोबर माती जाते, आणि पुढच्या श्रावणात तेथे उघडा जांभा उरतो. यावर काही लोक तारेच्या कुंपणाचा उपाय सुचवतात. साताऱ्याजवळच्या कास पठारावर तो करून पाहण्यात आला. गर्दी आवरण्यासाठी कुंपण घातले गेले, गुरांची चराई थांबली, माजलेल्या गवताने फुलांना झाकोळले, आणि अखेर ते कुंपण काढण्याची वेळ आली. पठार राखायचे तर म्हशी आणि चालणारी माणसे यांना आत ठेवून चाके बाहेर ठेवली पाहिजेत. मसाईच्या पायथ्याशी, जेथे चढण सुरू होते तेथेच, वाहनांना अटकाव असावा आणि तो बारमाही असावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

पण नुसता अटकाव पुरा पडत नाही. चालणाऱ्याला वाटेचा कायदेशीर आधार लागतो. इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात किंडर स्काउट नावाचे असेच एक उघडे, वारा झोंबणारे पठार आहे. जमीनदारांनी ते शिकारीसाठी बंद ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी गिरण्या-कारखान्यांतून राबणारे काही शे तरुण मनाई मोडून तेथे चढले, त्यांतील पाच जणांना कैद झाली, आणि त्या प्रकरणाने चेतवलेले लोकमत पुढे १९४९ च्या कायद्याच्या कामी आले. त्या कायद्याने प्रत्येक परगण्यावर सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे; पण त्यांतील वाटेसंबंधीच्या तरतुदी शेताकडे जाणाऱ्या शेतकऱ्याच्या अडचणी निवारण्यासाठी आहेत. डोंगराकडे जाणारा, देवाकडे जाणारा, इतिहासाच्या मागावर जाणारा माणूस त्यांत कोठे बसत नाही. दरवर्षी जुलैत हजारो तरुण पन्हाळा ते पावनखिंड ही पदयात्रा करतात. त्यांचा मार्ग कुणाच्या तरी सौजन्यावर चालतो, आणि जमीन विकली गेली, बंगला उठला, की सौजन्यही संपते.

याचा अर्थ वाड्यांना रस्ते नकोत असा कुणी काढू नये. या वाटेवरचे म्हाळुंगे असो की कुंभारवाडी, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेण्यासाठी दारापर्यंत रस्ता हा त्या माणसांचा हक्क आहे आणि तो मिळण्यास आधीच फार उशीर झाला आहे. वाडीचा रस्ता आणि देखाव्याचा रस्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला माणसासाठी होतो, दुसरा खिडकीतून बाहेर पाहण्यासाठी. ११ जुलै २०२५ रोजी, वेढ्यातून सुटकेच्या त्या तारखेच्या बरोबर आदल्या दिवशी, पन्हाळ्यासह १२ किल्ल्यांची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली. या मानाने मराठी मन हर्षभरित झाले. परंतु गडावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्या मनात आपल्या घरांविषयी धास्तीही उत्पन्न झाली, आणि ती समजून घेतली पाहिजे. वारशाच्या नावाखाली येणारा पैसा वाहनतळ आणि रुंदीकरण यांतच खर्ची पडू नये. त्यातून ही वाट दुरुस्त व्हावी, दर काही अंतरावर जांभ्याचे खुणेचे दगड बसावेत, टाकी-झरे स्वच्छ व्हावेत, आणि वाटाड्या म्हणून वाडीवरच्या मुलांना रोजगार मिळावा. म्हशीवाल्या मामांच्या थोरल्या मुलाला चालण्याची लाज वाटत असेल, तर तिचे एक कारण असे की चालणाऱ्याला आपण आजवर कोणताच मान आणि कोणतेच वेतन दिले नाही.

संध्याकाळी राजदिंडीची चढण पुन्हा चढताना पाय थरथरत होते आणि दिंडीच्या अंधारात क्षणभर भिंतीचा आधार घ्यावा लागला. आता पाऊस आटोपत आहे. कार्तिकात गवत वाळले की भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचा हंगाम सुरू होईल. पन्हाळा आणि शाहूवाडी या दोन तालुक्यांतील ज्या गावांच्या शिवारांतून ही वाट जाते, त्यांच्या ग्रामसभांनी दिवाळीपूर्वी ठराव करून ते तहसील कचेरीत दाखल करावेत आणि राजदिंडीपासून मोजणी मागावी. मोजणीदार आले की त्यांना मसाईवर नेण्यास मामा तयार आहेत. निघताना त्यांनीच मला तसे सांगितले, मात्र साहेबांनी पहाटे निघावे आणि चालत यावे अशी त्यांची अट आहे.