दादांची जावा आणि आमची जमा-खर्चाची वही

या सदरात आम्ही बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्ड, मुलांचा अभ्यास अशा विषयांवर लिहितो. या वेळी जरा वेगळे. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. हातात पाना धरला तो घरचा नळ गळू लागला तेव्हाच. असा माणूस बंद पडलेली मोटारसायकल उभी करायला निघाला, त्याची ही हकिकत आहे.

गाडी आमच्या वडिलांची, म्हणजे दादांची. १९७० सालची जावा, २५० सी.सी. झेकोस्लोव्हाकियातल्या कंपनीच्या परवान्याने ही गाडी म्हैसूरच्या कारखान्यात तयार होई. १९७३ नंतर तिथल्या गाड्यांवर ‘येझदी’ नाव आले आणि १९९६ साली तो कारखानाच बंद पडला. इंजिन टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, तोही डाव्या बाजूला. दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते.

दादा पातूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९८४ साली त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. वस्तीतली ती पहिली मोटारसायकल. कुणाला साप चावला, कुणाचे पोर तापाने फणफणले, की रात्री-अपरात्री दाराची कडी वाजे. दादा २००८ साली गेले आणि गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या.

२०२३ च्या उन्हाळ्यात थोरल्या लेकीला डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता. पैशांची ओढाताण सुरू झाली. भंगारवाला सात हजार द्यायला तयार होता. आम्ही आईला विचारले. ती म्हणाली, “विकायची तर वीक. पण चालू करून वीक. दादांची गाडी लोकांनी ढकलत नेलेली मला नाही बघवायची.”

चालू गाडीला चांगला भाव येतो, असे आम्हीही ऐकून होतो. आईचा मान राहील आणि फीही निघेल, असा कारकुनी हिशेब करून आम्ही गाडी टेम्पोत घालून अकोल्याला आणली.

पहिल्याच रविवारी घोडचूक केली. किक हलेना. आम्ही हेड खोलले आणि पिस्टनवर लाकूड ठेवून हातोडा घातला. पिस्टन हलला, पण त्याचा माथा पिचला आणि रिंग तुटली. खोललेले नट-बोल्ट सगळे एकाच डब्यात टाकले होते. कुठला कुठचा, ते संध्याकाळी कळेना. ऑफिसात एक कागद इकडचा तिकडे झाला तर आम्ही शिपायावर ओरडतो! इथे ओरडायला कुणी नव्हते.

मग दादांची गाडी पूर्वी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचाचांना शोधून काढले. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू. आम्हाला पाहून म्हणाले, “मास्तरांचा पोरगा ना तू? त्यांनी कधी हातोडा नाही लावू दिला.” आम्ही मान खाली घातली.

त्यांनी सांगितलेला क्रम वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. जाम इंजिनावर जोर करू नये. प्लग काढून त्या भोकातून डिझेल सोडावे आणि चार-आठ दिवस थांबावे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू मागेपुढे हलवावे. बहुतेक वेळा पिस्टन आपणहून सुटतो. आमचा सुटला असता, पण आम्हाला धीर नव्हता. लेथवाल्याकडून सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागला.

टाकी आतून गंजली होती. तिच्यात व्हिनेगर आणि मूठभर जुने नट घालून दोन दिवस खळखळवत राहिलो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवली. हे केले नाही तर गंज कार्बोरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते, ते सगळे नवे केले. टायरची नक्षी चांगली दिसत होती, पण चाचांनी ते वाकवून दाखवले. रबराला भेगाच भेगा. जुने टायर दिसण्यावर घेऊ नयेत. ब्रेक, चेन आणि केबली आधी, रंग सगळ्यात शेवटी. हौशी माणूस आधी रंग देतो आणि मग इंजिन खोलताना तोच रंग खरवडतो.

पॉइंट बसवायची वेळ आली. दोन पॉइंटांत ०.४ मिलीमीटरची फट हवी. ते नेमके कधी उघडतात, हे पाहायला चाचा सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये धरत. कागद सुटला की पॉइंट उघडले. पण आता त्यांना दिसेना आणि आमचा हात थरथरे. शेवटी लेक पुढे झाली. चाचा बोलत गेले, ती करत गेली. तिसऱ्या खेपेला कागद बरोबर जागेवर सुटला. चाचा म्हणाले, “तीस वर्षांत माझ्याकडे हे शिकायला कुणी आलं नाही.” त्या दिवसापासून ती दर रविवारी त्यांच्याकडे जाते.

कागदपत्रांचे काम आमच्या हातचे होते. वारसांची संमती घेऊन गाडी आईच्या नावावर केली, मग नोंदणीचे नूतनीकरण, विमा आणि पीयूसी. ५० वर्षांपुढच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचा वेगळा नियम आला आहे. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला ती चालवायची होती, म्हणून साधे नूतनीकरणच केले. एक सांगतो, जुनी गाडी घेताना आधी चेसिस नंबर आणि आर.सी. बुक जुळवून पाहा, इंजिन नंतर.

खर्च वहीत पैशापैशाने लिहिला आहे. एकूण ३७,८५० रुपये. त्यातले ३,१०० ‘अज्ञान खाते’ या शीर्षकाखाली, म्हणजे आमच्या हातोड्याचे.

२०२४ च्या फेब्रुवारीत गाडी सुरू झाली. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलीलिटर ऑइल मोजून घातले, अकराव्या किकेला धूर निघाला आणि दोन्ही सायलेन्सर बोलू लागले. पुढच्या रविवारी लेकीला मागे बसवून गावी गेलो. वस्तीच्या तोंडाशी एक म्हातारी ओट्यावर बसली होती. तिला फारसे दिसत नाही. आवाज ऐकून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर आले काय?”

आईने हे ऐकले. तिने गाडीच्या टाकीवर हात ठेवला आणि आत जाऊन चहा टाकला.

पुढे एक गिऱ्हाईक नव्वद हजार देत होते. आम्ही विकली नाही. लेकीची फी पतपेढीच्या कर्जातून भरली होती, त्याचे हप्ते अजून पगारातून कापले जातात. सौभाग्यवती म्हणतात, “अंगणात नव्वद हजार उभे आणि महिन्याला व्याज भरता, ही कुठली बी. कॉम.?” त्यांचे म्हणणे हिशेबाने बरोबर आहे. आमच्याकडे उत्तर नाही.

एवढेच सांगतो. तुमच्याही गोठ्यात, माळ्यावर वडीलधाऱ्यांची एखादी गाडी, शिवणयंत्र किंवा सायकल गंजत असेल. विकायचे की ठेवायचे, ते तुम्ही ठरवा. पण तिचा जाणकार मिस्त्री हयात आहे तोवर एकदा त्याला गाठा. जाताना घरातल्या पोरीलाही बरोबर न्या, आणि हातोडा घरी ठेवा.